विश्लेषण : ‘तुम्हाला हेही आवडेल’ हे मोबाइलला कसे कळते? मराठी पुस्तके, गाणी त्यात मागे का पडतात?

मित्राने हातात पुस्तक ठेवून ‘हे वाच’ म्हणणे आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘तुम्हाला हेही आवडेल’ अशी ओळ झळकणे, या दोन्ही शिफारशीच. पहिलीत शिफारस करणाऱ्याची पत पणाला लागते; पुस्तक रटाळ निघाले तर पुढच्या भेटीत त्याला ऐकून घ्यावे लागते. दुसरीत तसे काही नसते. तरीही आज कोणता चित्रपट पाहायचा, कोणता अल्बम ऐकायचा, कोणता गेम घ्यायचा याचा निर्णय अनेकदा दुसऱ्या प्रकारच्या शिफारशीवर होतो. ही शिफारस तयार कशी होते, ती कोणाच्या सोयीची असते आणि ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीतील कलाकृती तिच्यात कुठे अडखळतात, याचा हा आढावा.

या तंत्राची सुरुवात कुठून झाली?

गंमत अशी की, या तंत्राचा जन्म पुस्तके किंवा गाणी सुचवण्यासाठी झालाच नव्हता. १९९२ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील ‘पार्क’ या संशोधन केंद्रापुढे ईमेलचा पूर कसा आवरायचा, हा प्रश्न होता. तेथील संशोधकांनी ‘टॅपेस्ट्री’ नावाची व्यवस्था उभारली. एखाद्या सहकाऱ्याने मजकूर वाचून त्यावर शेरा मारला, की त्या शेऱ्याच्या आधारे इतरांना आपले टपाल चाळता येत असे. या पद्धतीला त्यांनी ‘कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग’ म्हटले. म्हणजे एकमेकांच्या मदतीने केलेली चाळण. हे नाव पुढे कायमचे चिकटले.

दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटीतील संशोधकांनी ‘ग्रुपलेन्स’ तयार केले. त्यात वाचकांनी दिलेल्या गुणांवरून इतरांना कोणता मजकूर आवडेल याचा अंदाज बांधला जाई. त्याच सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘रिंगो’ हा संगीतासाठीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा सगळा कारभार ईमेलवर चाले. श्रोत्याने गायक आणि अल्बमांना १ ते ७ गुण द्यायचे, ‘रिंगो’ने त्याच्यासारखीच आवड असलेली माणसे शोधायची आणि त्यांना आवडलेले पण याने न ऐकलेले संगीत सुचवायचे. संशोधकांनी या कामाचे वर्णन ‘तोंडी शिफारशीचे यांत्रिकीकरण’ असे केले होते. हेतू पहिल्यापासून उघड होता.

शिफारस करणारी माध्यमे त्याआधीही होतीच. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून अमीन सयानी यांच्या आवाजात घुमणारी ‘बिनाका गीतमाला’ ही गाण्यांची साप्ताहिक क्रमवारीच होती. पण ती कऱ्हाडात ऐका किंवा कानपुरात, यादी एकच असे. नव्या यंत्राने प्रत्येकाच्या हाती वेगळी यादी दिली.

यंत्र नेमके काय करते?

एक प्रचंड वही डोळ्यांपुढे आणावी. आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत पुस्तके. ज्याने जे वाचले आणि आवडले, त्या घरात खूण. समजा, सांगलीच्या एका वाचकाने ‘बनगरवाडी’ आणि ‘माहीमची खाडी’ या कादंबऱ्यांपुढे खूण केली. नाशिकच्या एका वाचक बाईंनी या दोन्हींपुढे खूण केली, शिवाय ‘रणांगण’पुढेही केली. यंत्र सांगलीकराला ‘रणांगण’ सुचवते. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी जहाजावर घडते, ‘बनगरवाडी’ माणदेशात घडते, याचा यंत्राला पत्ताही नसतो. त्याने एकही पान वाचलेले नसते. त्याला फक्त खुणांची जुळणी दिसते.

माणसांची संख्या कोटींत गेल्यावर माणसाशी माणूस जुळवणे फार जड होऊ लागले. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी त्यावर तोड काढली आणि २००३ मधील एका शोधनिबंधात ती मांडली. त्यांनी माणसांऐवजी वस्तू जुळवल्या. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ ही ओळखीची ओळ तिथली. माणसांची आवड बदलते, पण दोन पुस्तकांमधील नाते तुलनेने टिकते. शिवाय हा हिशोब आधीच करून ठेवता येतो.

संगीतात आणखी एक वाट होती. ‘पँडोरा’ या अमेरिकी सेवेने २००० पासून संगीताचे जाणकार बसवून गाण्यांची चिरफाड केली. आवाजाचा पोत, लय, वाद्ये अशा सुमारे ४५० गुणधर्मांवर गाण्यांची नोंद होई. ‘स्पॉटिफाय’ने जुलै २०१५ मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ आणले. दर सोमवारी ३० गाणी. लाखो लोकांनी स्वतः बनवलेल्या याद्यांमध्ये कोणती गाणी शेजारी-शेजारी येतात, यावर त्याचा मोठा भर होता. म्हणजे कोणी तरी हौसेने ‘पावसातली गाणी’ म्हणून यादी केली की ती नकळत यंत्राची शिकवणी ठरते. यंत्राच्या शिफारशीच्या पोटात माणसाचीच शिफारस असते, हे इथे लख्ख दिसते.

१० लाख डॉलरच्या स्पर्धेने काय शिकवले?

शिफारस तंत्राच्या इतिहासातील सर्वात गाजलेले प्रकरण म्हणजे ‘नेटफ्लिक्स प्राइझ’. कंपनी तेव्हा टपालाने डीव्हीडी पाठवत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये तिने जाहीर केले, की आमच्या यंत्रणेपेक्षा १० टक्के अचूक अंदाज बांधून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेल्या १० कोटींहून अधिक गुणांची विदा खुली करण्यात आली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण वर सांगितलेल्या वहीच्या हिशोबाने पाहिले तर घरे होतात सुमारे ८५३ कोटी. म्हणजे सव्वा टक्काही वही भरलेली नव्हती. शंभरातील जवळपास ९९ घरे कोरी, आणि त्या कोऱ्या घरांत काय असेल हेच ओळखायचे होते.

जवळपास तीन वर्षे जगभरचे संघ झुंजले. सप्टेंबर २००९ मध्ये ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ या संघाने १०.०६ टक्के सुधारणा करून पारितोषिक जिंकले. दुसऱ्या संघाचा निकालही तितकाच होता, पण त्यांची प्रवेशिका सुमारे २० मिनिटे उशिरा पोहोचली! या स्पर्धेत एक चित्रपट सगळ्यांची डोकेदुखी ठरला होता. ‘नेपोलियन डायनामाइट’ हा २००४ मधील विचित्र विनोदी चित्रपट लोकांना एक तर डोक्यावर घ्यावासा वाटे किंवा अजिबात सहन होत नसे, आणि कोणाला काय वाटेल हे त्यांच्या इतर आवडींवरून ओळखता येत नसे. प्रत्येकाच्या घरात असे एक पुस्तक किंवा नाटक असते, ज्यावरून दोन भावांचे पटत नाही. गणिताची मर्यादा तिथेच सुरू होते.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जिंकलेली अंतिम यंत्रणा नेटफ्लिक्सने जशीच्या तशी वापरलीच नाही. वाढीव अचूकतेसाठी लागणारा अभियांत्रिकी खटाटोप परवडणारा नाही, असे कंपनीने २०१२ मध्ये सांगितले. आधीच्या टप्प्यातील दोन पद्धती मात्र वापरात आल्या. दरम्यान धंदाही बदलला होता. डीव्हीडीच्या काळात ग्राहकाने किती तारे दिले, एवढेच कळत असे. ऑनलाइन पाहणे सुरू झाल्यावर कुठे थांबला, कुठे सोडून दिले, रात्री किती वाजता पाहिले, सगळेच कळू लागले.

या स्पर्धेला एक काळी किनारही आहे. विदेतून ग्राहकांची नावे काढून टाकली होती. तरीही टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी ती विदा ‘आयएमडीबी’वरील जाहीर गुणांशी ताडून काही ग्राहकांची ओळख पटवता येते, हे दाखवून दिले. गाजलेले चित्रपट सगळेच पाहतात. आडवळणाचे पाच-सहा चित्रपट आणि ते पाहिल्याच्या ढोबळ तारखा माणसाला उघडे पाडायला पुरतात. खटला आणि सरकारी यंत्रणेची विचारणा यानंतर २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द झाली.

लोक सांगतात एक, पाहतात दुसरे?

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सने पाच ताऱ्यांची पद्धत बंद करून अंगठा वर किंवा खाली एवढाच पर्याय ठेवला. त्यामागचे कंपनीचे स्पष्टीकरण गमतीशीर होते. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि रोज रात्री लावतात मात्र हलकेफुलके विनोदपट. तारे म्हणजे आपण कसे दिसावे याची नोंद, तर पाहण्याची वेळ म्हणजे आपण प्रत्यक्षात काय करतो याची नोंद. कंपनीला दुसरी अधिक उपयोगाची वाटली.

पण त्यात एक मेख आहे. थकून घरी आलेला माणूस जे लावतो ते त्याचे आवडते असतेच असे नाही; ते त्या क्षणी सर्वात कमी त्रासाचे असते. एखाद्याला आवडती पाच पुस्तके विचारली तर तो वर्षानुवर्षे पुन्हा न उघडलेली, पण आतून हलवून गेलेली नावे सांगेल. त्याच्या मोबाइलला विचारले तर उत्तर वेगळे येईल. दोन्ही खरे आहे, पण ‘शिफारस’ हा शब्द पहिल्या उत्तराला शोभतो.

नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या निबंधानुसार, पाहिल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे ८० टक्के तासांवर शिफारशींचा प्रभाव असतो आणि काय पाहावे हे शोधताना ग्राहक ६० ते ९० सेकंदांत कंटाळतो. तेवढ्यात काही पसंत पडले नाही तर तो निघून जाण्याची शक्यता वाढते. त्यामुळे यंत्रणेचे उद्दिष्ट दीड मिनिटात बोट थांबवणे हे होते. आयुष्यभर लक्षात राहील असे काही देणे हे त्यात बसले तर बसते.

गाजलेलेच अधिक का गाजते?

गुणवत्ता असेल तर ती वर येतेच, असा आपल्याकडे एक भाबडा विश्वास आहे. २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाने त्याला धक्का दिला. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी १४,३४१ जणांपुढे ठेवली. एका गटाला फक्त गाण्यांची नावे दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटले होते आणि प्रत्येक जगात आधीच्या श्रोत्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, हे दिसत होते.

आठही जगांची सुरुवात शून्यापासून झाली. पण प्रत्येक जगात वेगळेच गाणे डोक्यावर बसले. एक गाणे तर स्वतंत्र गटात २६ व्या क्रमांकावर होते. ते एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात ४० वे. फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही आणि फार वाईट वर आले नाही, पण मधल्या सगळ्यांचे नशीब पहिल्या काही श्रोत्यांच्या हाती होते. शिफारस यंत्रे पहिल्या खुणांनाच वजन देत पुढे जातात. सुरुवातीला थोडीशी गर्दी जमली की यंत्र तिकडेच आणखी गर्दी पाठवते.

मग मराठीचे काय होते?

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. अनेक युरोपीय भाषांना हेवा वाटावा असा हा आकडा आहे. पण यंत्र बोलणारे मोजत नाही, खुणा मोजते. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट. त्या प्रतींतील बऱ्याच ग्रंथालयांत जातात. तिथे एक प्रत पन्नास जण वाचतात, पण त्याची नोंद देवघेवीच्या रजिस्टरमध्ये होते, अ‍ॅपवर नाही. पुस्तक वाचले जाते, त्यावर बोललेही जाते आणि यंत्राच्या वहीतील त्याचा रकाना तरीही कोरा राहतो. तंत्रज्ञ याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात, म्हणजे थंड इंजिन. नव्या वस्तूबद्दल माहिती नसल्याने ती सुचवता येत नाही, आणि सुचवली जात नसल्याने माहिती जमत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ हा अल्बम रोमन लिपीत शोधायचा तर पहिला ‘ए’ एकदा टाकायचा की दोनदा? एकदाच टाकला तर तीच अक्षरे ‘गर्व’ अशीही वाचता येतात. जयवंत दळवींची ‘चक्र’ शोधायला जावे तर त्याच कादंबरीवरचा १९८१ मधील हिंदी चित्रपट समोर येऊ शकतो. एकाच पुस्तकाची नोंद कोणी देवनागरीत केली, कोणी रोमनमध्ये, तर आधीच थोड्या असलेल्या खुणा दोन रकान्यांत विभागल्या जातात. माणूस हे क्षणात ओळखतो. यंत्राला ती दोन वेगळी पुस्तके.

तिसरी अडचण घरातली आहे. स्मार्ट टीव्हीवर एकच खाते, त्यावर आजीचे कीर्तन, मुलांची कार्टून, बाबांचे क्रिकेट आणि आईची मालिका. यंत्राच्या लेखी हा सगळा एकच माणूस. अशा ‘माणसा’ला काय सुचवावे, हे कळेनासे झाले की यंत्र सुरक्षित उत्तराकडे वळते, ते म्हणजे सध्या सगळीकडे गाजत असलेले काही तरी. ते मराठी असण्याची शक्यता कमी.

यात पैशाचा भागही आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मानधनातील वाटा मिळणार नाही. मोठ्या कलाकाराला हा आकडा क्षुल्लक. स्थानिक बोलीत गाणाऱ्या हौशी गायकाला तो दूरचा. त्याआधी २०२० मध्ये याच कंपनीने ‘डिस्कव्हरी मोड’ जाहीर केला. त्यात कलाकाराने किंवा कंपनीने कमी मानधन मान्य केले तर काही ठिकाणी त्याचे गाणे शिफारशीत पुढे सरकते. श्रोत्याला मात्र ती नेहमीसारखीच शिफारस वाटते.

चांगली उदाहरणेही आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायकाच्या अपयशाची ही मराठी गोष्ट जगभर पाहता येऊ लागली. पण पाहता येणे आणि समोर येणे यांत फरक आहे. महोत्सव, परीक्षक आणि समीक्षक या माणसांच्या साखळीने त्याला आधी वर आणले होते. यंत्राची पाळी नंतर आली.

माणसांच्या शिफारशीने खरेच फरक पडतो?

पडतो, आणि कधी कधी आश्चर्य वाटावे इतका. ‘अमंग अस’ हा मूठभर लोकांनी बनवलेला गेम २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. २०२० च्या मध्यात काही लोकप्रिय खेळाडूंनी तो मित्रांसोबत थेट प्रक्षेपणात खेळायला घेतला आणि टाळेबंदीत अडकलेल्या जगाने तो उचलला. मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीस’ ही २०११ मधील कादंबरी दहा वर्षांनी टिकटॉकवरील वाचकांच्या रडवेल्या चित्रफितींमुळे पुन्हा खपाच्या यादीत आली. भारतात टिकटॉकवर जून २०२० पासूनच बंदी आहे, तरी इन्स्टाग्रामवर त्याची लाट इथल्या पुस्तकांच्या दुकानांपर्यंत पोहोचली.

सर्वात जुने उदाहरण गिर्यारोहणाच्या पुस्तकांचे. जो सिम्पसन यांचे ‘टचिंग द व्हॉइड’ १९८८ मध्ये आले आणि विस्मरणात गेले. १९९७ मध्ये एव्हरेस्टवरील दुर्घटनेवरचे ‘इन्टू थिन एअर’ गाजले. ते वाचलेल्यांनी अ‍ॅमेझॉनवर ‘त्यापेक्षा ते जुने वाचा’ असे अभिप्राय लिहायला सुरुवात केली, लोक दोन्ही घेऊ लागले, यंत्राने जोडी टिपली आणि जुने पुस्तक पुन्हा छापावे लागले. ठिणगी वाचकांनी टाकली होती.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्थेपेक्षा वाचक चळवळ म्हटले आणि पुस्तके घेऊन गावोगावी ग्रंथयात्रा काढल्या. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच संस्थेकडून आले. ‘आधी काय खपले’ एवढेच पाहणाऱ्या यंत्रापुढे ही पुस्तके ठेवली असती तर त्यांच्यासारखे आधी काहीच खपलेले नव्हते. ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हा उपक्रम चालवला तो याच वृत्तीतून. आणि २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या सातारा जिल्ह्यातील भिलारमध्ये घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. तिथे कोणी तुमचा जुना इतिहास तपासून कपाट दाखवत नाही.

गेमच्या क्षेत्रातही पुण्याचे एक नाव आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संघाने २०१७ मध्ये ‘राजी’ या गेमसाठी लोकवर्गणी मागितली, ती फसली. तरी काम सुरू राहिले, २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

चांगली शिफारस ओळखायची कशी?

‘स्टीम’ या गेमविक्री मंचाची पद्धत इथे पाहण्यासारखी आहे. तिथे अभिप्राय देणाऱ्याला एकच प्रश्न असतो : हा गेम तुम्ही सुचवाल का, हो की नाही? आणि त्याच्या नावाशेजारी त्याने तो किती तास खेळला हे छापलेले असते. दहा मिनिटांत शिव्या घालणारा आणि ३०० तास खेळून ‘नाही’ म्हणणारा, दोघेही ओळखू येतात. (दुसऱ्याला सुटका का झाली नाही, हा वेगळा प्रश्न.) पुस्तकांच्या अभिप्रायांना अशी सोय असती तर न वाचता लिहिलेली अनेक परीक्षणे उघडी पडली असती.

मित्राकडून आलेली चांगली शिफारसही याच जातीची असते. ती ‘अप्रतिम, जरूर वाचा’ एवढ्यावर थांबत नाही. ‘पहिली ४० पाने संथ आहेत, तिथे सोडू नकोस’, ‘हा अल्बम इअरफोनवर ऐक, गाडीत नको’, ‘आईसोबत बसून पाहू नकोस’, ‘तुझे वडील गेल्यावर लगेच नको, थोडे थांब’. यातील शेवटचे वाक्य कोणतेही यंत्र म्हणू शकत नाही. आणि ज्या यंत्राला तेवढे माहीत असेल ते अधिकच धास्ती वाटावी असे.

वापरकर्त्याच्या हाती काय आहे?

‘आवडले नाही’चे बटण दाबले की काम झाले, असा समज आहे. मोझिला संस्थेने २०२२ मध्ये यूट्यूबच्या २२ हजारांहून अधिक वापरकर्त्यांच्या मदतीने हे तपासले. ‘रस नाही’ या बटणाने नकोशा शिफारशी जेमतेम ११ टक्के रोखल्या. ‘हे चॅनेल सुचवू नका’ हे बटण अधिक उपयोगी, तरी ४३ टक्केच. पाहिल्याच्या इतिहासातून नोंद काढून टाकणे या दोहोंच्या मध्ये होते. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या मंचांना, वापरकर्त्याच्या वैयक्तिक माहितीवर न बेतलेली यादी हा पर्याय देणे बंधनकारक केले आहे आणि शिफारशींचे मुख्य निकषही सांगावे लागतात. भारतातील २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माहिती गोळा करण्यासाठीच्या संमतीभोवती फिरतो.

तोवर घरगुती उपाय आहेत. टीव्हीवर प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल करावे. मुलांना गाणी लावून देताना संगीताच्या अ‍ॅपमधील खासगी सत्राचा पर्याय सुरू करावा. एकामागून एक आपोआप सुरू होणारे भाग बंद ठेवावेत. मराठी पुस्तक, गाणे किंवा चित्रपट आवडला तर नाव देवनागरीत शोधावे आणि नोंद आधीपासून असेल तर नवी न करता तिथेच अभिप्राय लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले ‘मस्त आहे, बघ’ दोन मित्रांपर्यंत पोहोचते, पण वहीत उमटत नाही. हजार प्रतींच्या पुस्तकाला ५० वाचकांनी खूण केली, तर त्याचा कोरा रकाना थोडा तरी भरतो.